रोजच्या खरेदीसाठी डेबिट आणि क्रेडिट कार्ड कसे वापरावे

किराणा, औषधे, पेट्रोल, मुलांच्या वह्या-पुस्तके अशा नेहमीच्या खर्चासाठी कार्ड वापरा, असे सांगताना बँका रिवॉर्ड पॉइंट आणि कॅशबॅक यांवरच भर देतात. माझ्या मते हे लाभ दुय्यम आहेत. प्रत्येक खर्चाची तारीखवार नोंद, क्रेडिट कार्डावरची बिनव्याजी मुदत आणि गैरव्यवहार झाल्यास पैसे परत मागण्याचा हक्क हे तीन फायदे अधिक मोलाचे आहेत. मात्र ते पूर्णपणे पदरात पडावेत यासाठी सुरुवातीलाच थोडी तजवीज करावी लागते.

कार्ड हाती आल्यावर प्रथम बँकेच्या अ‍ॅपमधील कार्डाच्या सेटिंग्ज पाहाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड फक्त देशातील एटीएम आणि दुकानांतील स्वाइप मशीनवर चालते. ऑनलाइन खरेदी, परदेशातील व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय ग्राहकाने मागितल्यावरच सुरू होते. त्यांपैकी गरजेपुरतेच सुरू करावे आणि प्रत्येकाला रकमेची मर्यादा घालावी. टॅप करून दिलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला १ जानेवारी २०२१ पासून पिन लागत नाही. गर्दीच्या दुकानात ही मोठी सोय आहे, पण हरवलेले कार्डही तितक्याच सहज टॅप होते. म्हणून ही मर्यादा आपल्या नेहमीच्या बिलाइतकीच, म्हणजे हजार-दीड हजारांवर ठेवणे शहाणपणाचे. एसएमएस मिळणारा मोबाइल क्रमांक बँकेत अद्ययावत आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे.

आता कोणत्या खर्चाला कोणते कार्ड, हा प्रश्न. घरखर्चाला शिस्त लावायची असेल, तर डेबिट कार्ड बरे, कारण पैसे लगेच खात्यातून वजा होतात आणि शिल्लक डोळ्यांसमोर राहते. अनोळखी संकेतस्थळावरील खरेदीसाठी मात्र मी क्रेडिट कार्डच सुचवेन. काही गडबड झाली, तर वाद बिलातील रकमेपुरता राहतो आणि घरभाड्यासाठी किंवा हप्त्यासाठी खात्यात ठेवलेले पैसे अडकत नाहीत.

क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत खरेदीच्या तारखेवर ठरते. समजा, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि ते २५ तारखेपर्यंत भरायचे आहे. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि पैसे भरायला ४९ दिवस मिळतात. तीच खरेदी ४ जुलैला केली, तर केवळ २१ दिवस. त्यामुळे मोठी खरेदी बिल निघाल्यानंतर लगेच करावी. ही सवलत पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यालाच आहे, हे कधीही विसरू नये. ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे बिलावर दिलेली किमान रक्कम तेवढीच भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. शिवाय त्यानंतरच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिना साडेतीन टक्के दराने २०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये होतो, तर तेवढ्याच खरेदीवर एक टक्का कॅशबॅक म्हणून मिळतात २०० रुपये. म्हणून पूर्ण बिलाची रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी ऑटो-डेबिट सूचना पहिल्याच महिन्यात द्यावी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख कधीच काढू नये, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि शुल्क वेगळे.

आपण न केलेल्या व्यवहाराचा एसएमएस आला, तर क्षणही न दवडता अ‍ॅपमधून कार्ड बंद करावे, बँकेला कळवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा; फसवणूक असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावरही नोंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसरीकडेच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवस लागले, तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसान सोसावे लागते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. पण ओटीपी किंवा पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान आपले. म्हणूनच बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्यालाही तो सांगू नये.

दुकानात व्यवहार फसला, पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. यासाठी मशीनमधून निघालेली पावती जपून ठेवावी. डेबिट कार्डासाठी दुकानदार दोन टक्के जादा मागत असेल, तर ठाम नकार द्यावा, कारण ते शुल्क ग्राहकाकडून घेण्यास परवानगी नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. त्या वेळी एसएमएस, पावती आणि बँकेचा तक्रार क्रमांक सोबत जोडावा.