तिसऱ्या घंटेआधी पोटात गोळा येतो तेव्हा

गेली 22 वर्षं मी हौशी नाटकांना विंगेतून प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे अडलेल्या नटाला पुढचं वाक्य कुजबुजते. कामाची सुरुवात फजितीतून झाली. कॉलेजच्या एकांकिकेत मला एकच वाक्य होतं, "बाईसाहेब, तार आलीय." मी आत गेले, बाईसाहेबांकडे बघितलं आणि तार हातात तशीच घेऊन परत आले. तेव्हापासून माझी जागा विंगेत.

एन्ट्रीआधी विंगेत थरथरणाऱ्याला सगळे सांगतात, "शांत हो." मीही सांगायचे. कुणी शांत झालेलं आठवत नाही.

पहिल्या घंटेला तळहात गार पडतात, तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो. हा बिघाड नव्हे. ॲड्रेनालिन कामाला लागलंय. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळलंय म्हणून बोटं गार, पचन थबकलंय म्हणून पोटात कालवाकालव. "आता माझं वाटोळं होणार" असं मनानं धरलं की रक्तवाहिन्या आकसतात. "बघू या, जमेल" असं धरलं की त्या सैलावतात. छाती दोन्ही वेळा धडधडतेच.

म्हणून धडधड दाबायला जाऊ नका, तिचं नाव बदला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅराओके गाण्याआधी काहींना "मला धास्ती वाटतेय" म्हणायला लावलं, काहींना "मला उत्साह वाटतोय". दुसरे जास्त सुरात गायले. भाषणाच्या प्रयोगात तर "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षाही उत्साहवाले सरस ठरले. मला ते पटतं. धावत्या गाडीला एकदम ब्रेक मारण्यापेक्षा नुसतं स्टिअरिंग वळवणं सोपं.

पण "मला उत्साह वाटतोय" असं आपल्याकडे कोण म्हणतं! मी पोरांना म्हणायला लावते, "आज अंगात आलंय." मोठ्यानं. निम्मे हसतात, आणि हसताना अडकलेला श्वास सुटतो. "मला भीती वाटतच नाही" हे मात्र कधी म्हणू नका; गार हात लगेच खोटं पाडतात.

दुसऱ्या घंटेला संहिता माझ्याकडे द्यायची. त्या वेळी अख्खा अंक आठवून पाहणारा हमखास अडकतो. फक्त पहिलं वाक्य आणि पहिली हालचाल: पेला उचलायचा की दार लोटायचं, एवढंच. पाठांतर कच्चं असेल तर यातलं काहीच कामाला येत नाही, हेही सांगून टाकते. आणि रोजच झोप उडत असेल, तर विंगेतल्या बाईचं न ऐकता डॉक्टरकडे जावं.

मध्येच वाक्य गेलं तर? हातातली वस्तू हलवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, माझ्या कुजबुजीची वाट बघा. प्रेक्षकांनी संहिता वाचलेली नसते. तुमची जीवघेणी शांतता त्यांना अभिनय वाटते. एकदा तर त्यावर टाळी पडली होती, आणि त्या नटानं ती शांतता पुढच्या प्रयोगाला मुद्दाम घेतली, गाढवानं.

प्रयोगानंतर मेकअप उतरवताना "मी नटच नाही" असं कुणी म्हणालं की मी विचारते, "कुठल्या वाक्याला अडलास?" तेवढ्या पानाला पेन्सिलीनं खूण करायची. उद्या तालमीत तेवढंच पान.

तिसरी घंटा झाली की माझी बडबड बंद. तेवढे मोबाईल सायलेंटवर आहेत ना, बघून घ्या.