खरिपाआधी पॉवर वीडरचं इंजिन अडखळतंय? आधी पेट्रोल बघा

सोयाबीनला पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत द्यावी लागते, दुसरी ३० ते ३५ दिवसांच्या आसपास. त्यात मधले चार दिवस पावसाचे गेले की वाफसा मिळतो एखाद-दुसराच दिवस. नेमक्या त्याच दिवशी पॉवर वीडर (तण काढणारं छोटं यंत्र) दोरी ओढून ओढूनही धड चालत नाही, चालला तर फटफट करत मिस मारतो. तालुक्याच्या मिस्त्रीकडे तेव्हा अशाच यंत्रांची रांग लागलेली असते. म्हणून मशीन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच बाहेर काढा आणि सुरू करून बघा.

हा सल्ला सात एचपीच्या आसपासच्या, साधारण २०० सीसीच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनासाठी आहे. बहुतेक छोट्या वीडरवर तेच असतं. डिझेल वीडरची गोष्ट वेगळी.

कामाला लागण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. पात्यांमध्ये हात घालायचा असेल तर हे विसरून चालणार नाही. इंजिन गार असावं, पेट्रोलचं काम उघड्यावर करावं आणि तेवढा वेळ विडी-सिगारेट लांब.

चांगलं चालणारं इंजिन ठेवून दिल्यावर बिघडतं, ते बहुतेक वेळा पेट्रोलमुळे. मागच्या हंगामात टाकीत राहिलेलं पेट्रोल आठ-दहा महिन्यांत उडतं, घट्ट होतं आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत त्याची लाखेसारखी पुटं चढतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पत्र्याच्या शेडमध्ये अर्धी टाकी घेऊन मशीन पावसाळाभर उभं राहिलं तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला जाणारी नळी तळातूनच निघते.

ओळखायला सोपं आहे. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाला वेगळा थर दिसला किंवा पेट्रोलला रॉकेल-वार्निशसारखा जुनाट वास आला, तर ते सगळं काढून टाका. त्यात नवीन मिसळून ‘चालून जाईल’ असं करू नका. टाकी ताज्या पेट्रोलने विसळून घ्या, कॉकखालची (पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीखालची) गाळणीची वाटी असेल तर तीही धुवा. नळी कडक झाली असेल, दाबल्यावर चिरा दिसत असतील, तर लगेच बदला.

ज्यांच्याकडे टू-स्ट्रोक ग्रास कटरही आहे त्यांनी कॅन वेगळे ठेवावेत आणि वर मोठ्या अक्षरांत लिहावं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल वीडरमध्ये गेलं तर धूर आणि काळा प्लग एवढ्यावर निभावतं. उलट झालं, म्हणजे साधं पेट्रोल ग्रास कटरमध्ये गेलं, तर पिस्टन जाम होतो.

पेट्रोल बदलूनही सुधारलं नाही तर चोकची, म्हणजे हवा कमी करणाऱ्या खटक्याची, परीक्षा घ्या. इंजिन गरम झाल्यावर चोक हळूहळू अर्धा लावा. चोक लावल्यावर इंजिन एकसारखं चालायला लागलं आणि उघडल्यावर पुन्हा रेस वर-खाली व्हायला लागली, तर पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यात) कचरा आहे, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जाते. आधी तिथले दोन नट आवळून बघा. चोक लावताच काळा धूर सोडून बंद पडायला लागलं, तर पेट्रोलचा पुरवठा ठीक आहे. चोक न लावताही धूर काळाच असेल, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर बघा.

कार्बोरेटर साफ करणं वाटतं तेवढं अवघड नाही. कॉक बंद करा. खाली परात ठेवून कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाचा बोल्ट खोला, वाटी हातात येईल. तळाला पांढरट भुकटी किंवा हिरवट चिकटा असेल तर पाणी आत गेलं होतं असं समजा. वरच्या मधल्या नळीत पितळेचा मेन जेट असतो. तो बरोबर बसणाऱ्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनेच काढा, नाहीतर खाच झिजते. जेट उजेडासमोर धरा: छिद्र स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर कचरा आहे. कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग हवा मारा. हट्टी कचऱ्याला विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार चालते. सुई किंवा खिळा घातला तर छिद्र मोठं होतं आणि तो जेट फेकून द्यावा लागतो.

बरेच जण इथेच थांबतात आणि ‘साफ केलं तरी स्लोला टिकत नाही’ म्हणतात. स्लोचं, म्हणजे रेस न देता चालतानाचं, पेट्रोल वेगळ्या, त्याहून बारीक पायलट जेटमधून येतं. बऱ्याच इंजिनांत तो रेस सेट करायच्या स्क्रूखाली दडलेला असतो: स्क्रू पूर्ण काढला की खाली प्लॅस्टिकच्या डोक्याचा छोटा तुकडा दिसतो, तो हळूच उचकटून वर निघतो. स्क्रू काढण्याआधी किती फेरे आत आहे ते मोजून ठेवा. हवा मारताना फ्लोट (वाटीतला तरंगणारा तुकडा) आणि त्याची सुई बाजूला काढून ठेवा, उडाली तर मातीत सापडत नाही. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या भागाच्या) बारीक स्प्रिंगला मात्र हात लावू नका. रेस वर-खाली होते म्हणून ती ताणणारे खूप आहेत. ती ताणल्याने इंजिन वेगाने पळतं, सुधारत नाही.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे काही थेंब चोळून पिळून घ्या. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हलकेच आपटून झटका, काळा पडला असेल तर बदला. ऑइल बाथ फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच, वर नाही. पाती बदलताना मशीन आडवं करायचं तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. खाली ठेवली की ऑइल कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि सुरू करताच पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट येतात. असं झालं तर घाबरू नका, फिल्टर साफ करा आणि धूर जळून जाऊ द्या.

प्लग काढला की रंग बघा. तपकिरी-राखाडी असेल तर ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला, तेलकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. टोकांमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. प्लग स्वस्त आहे, शंका असेल तर नवीनच टाका. ठिणगी बघायची असेल तर प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसून.

काही तक्रारींची खूण इतकी ठरलेली असते की लगेच सापडतात. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतं, मग दम तोडतं, आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालू होतं: झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. बांधाजवळ किंवा उतारावर तिरपं झालं की फटकन बंद पडतं: ऑइल कमी असेल, कारण बऱ्याच इंजिनांत ऑइल खाली गेलं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. मशीन सपाट जागी ठेवून ऑइल बघा, ऑइल मोजायची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून. तापल्यावरच मिस मारत असेल तर लगेच, गरम असतानाच ठिणगी तपासा. गार झाल्यावर ठिणगी देणारी कॉइल पुन्हा ठीक वागते आणि मिस्त्रीला काहीच सापडत नाही. हँडलवरच्या स्विचची वायर घासून सांगाड्याला लागली तरी असंच झटके देत चालतं.

रिकामं चालवताना इंजिन छान आणि मातीत गेल्यावरच दबत असेल, तर इंजिन खोलू नका. पात्यांच्या शाफ्टला ठिबकची नळी, मल्चिंगचा पेपर किंवा पऱ्हाटीच्या साली गुंडाळल्या आहेत का बघा. काळ्या जमिनीत वाफसा यायच्या आत वीडर घातला तर कोणतंही इंजिन दबेल. खोली कमी करा, दोन वेळा फिरा.

एवढं करूनही इंजिन ठोके देत असेल किंवा कार्बोरेटरमधून उलटं फुसफुसत असेल, तर दोरी हळू ओढून बघा. अजिबात जोर लागत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. बहुतेकदा व्हॉल्व्हचं सेटिंग बिघडलेलं असतं. या आकाराच्या बऱ्याच इंजिनांत गार असताना इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी अंतर लागतं, तरी तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. फीलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हे काम मिस्त्रीला द्या. देताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. गार असताना की गरम, रिकामं की मातीत, चोक लावल्यावर सुधारतं की बिघडतं, आणि पेट्रोल कधीचं, हे सांगा, आणि काढलेला जुना प्लग सोबत न्या.