रस्त्याच्या आखणीपूर्वी पुरातत्त्वीय पाहणी कशी करावी : कोल्हापूर परिसरासाठी कार्यपद्धती

आखणीचे दोन-तीन पर्याय कागदावर असतानाच पाहणी हाती घ्यावी. त्या टप्प्यावर रस्ता थोडा सरकवून प्राचीन स्थळ वाचवता येते; भूसंपादनानंतरची पाहणी बहुधा नोंद करण्यापुरतीच उरते.

सुरुवात दप्तरातून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, १८८६ चे कोल्हापूर गॅझेटिअर, गावनकाशे आणि प्रकाशित शिलाहारकालीन (येथील मध्ययुगीन राजघराण्याच्या काळातील) कोरीव लेख एकत्र ठेवून प्रत्येक जुने स्थळ गट क्रमांकानिशी नकाशावर उतरवावे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामास प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते; खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर किंवा पन्हाळगड यांच्या आसपास आखणी असल्यास या रेषा आधीच काढाव्यात. हे काम सोपे आहे, कारण ही स्थळे यादीत आहेत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. तशाच, पण कोणीही न खणलेल्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या) टेकाडांचा शोध मात्र पायीच घ्यावा लागतो.

पायी पाहणीचा हंगाम उसावर ठरतो. उभ्या उसात जमीन दिसत नाही आणि खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढवलेल्या पिकात) पाचट ती झाकून टाकते, म्हणून तोडणीनंतर नांगरट झालेली, पावसाळ्यापूर्वीची रिकामी शेते निवडावीत आणि शेतकऱ्याची परवानगी घेऊनच आत जावे. दहा-पंधरा मीटरच्या अंतराने समांतर रेषांत चालत खापरे, विटांचे तुकडे, काचेच्या बांगड्या आणि गारगोटीची सूक्ष्म हत्यारे पाहावीत. खापर मिळाले म्हणजे वस्ती मिळाली असे नव्हे. शेणखताबरोबरही खापरे रानभर पसरतात. काळ्या रानात मध्येच राखट, भुसभुशीत माती आणि तिच्यात दाटीने खापरे दिसली, तरच तेथे थांबून विस्तार मोजावा. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत अवशेष खोल दबलेले असू शकतात, त्यामुळे विहिरींच्या आणि ओढ्यांच्या कापलेल्या कडा पाहिल्याशिवाय ‘काही नाही’ असा शेरा मारू नये.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा स्मृतिदगड), गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा, गाढवाची आकृती कोरलेला दगड) यांची जागेवरच छायाचित्रे, मोजमापे आणि दिशा नोंदवावी. शेंदूर लावलेला दगड हे गावाचे दैवत असते; तो हलवण्याचा विषय ग्रामस्थांशी बोलल्याशिवाय काढू नये.

बहुतेक अहवालांत एक मोठी फट राहते : पाहणी रस्त्याच्या पट्ट्यापुरतीच होते, पण मुरुमाच्या खाणी, राडारोडा टाकण्याच्या जागा, खडी क्रशर आणि कामगारांची वसाहत त्या पट्ट्याबाहेर असतात. टेकाडाची मऊ माती भरावासाठी सोयीची वाटते, त्यामुळे या जागाही चालून पाहाव्यात आणि टाळायची क्षेत्रे ठेकेदाराच्या नकाशावर हद्दीसह दाखवावीत.

चाचणी खड्डासुद्धा उत्खननच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अनुज्ञप्ती नसताना तो घेऊ नये. गोळा केलेल्या प्रत्येक पिशवीवर गट क्रमांक, जीपीएस स्थान आणि तारीख लिहावी. प्रत्यक्ष मातीकाम सुरू झाल्यावर जेसीबीजवळ जाणकार व्यक्ती उभी असावी, आणि नाणी अथवा मूर्ती निघाल्यास काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या भूमिगत ठेव्याची सूचना देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे.