बारावीनंतर एएमई: कानशीपासून लायसन्सपर्यंत

“पायलटच्या ट्रेनिंगएवढे पैसे नाहीत, मग एएमई करू का?” असं बारावी सायन्सची मुलं विचारतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. एएमई म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, आणि विमानाची देखभाल हा स्वतंत्र पेशा आहे. त्याचं शिक्षण आज असं कडक का, हे समजायला थोडा लष्करी इतिहास माहीत असावा लागतो.

मी स्वतः एएमई शिकले तेव्हा आम्हाला सुरुवातीला विमानाजवळ फिरकूही दिलं नव्हतं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस. चौकोनी ठोकळा घासायचा, तो पट्टीच्या खाचेत चारही बाजूंनी फिरवून तितकाच घट्ट बसला पाहिजे. सर काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचे. कडेला प्रकाशाची रेघ दिसली की काम परत. तळहाताला फोड यायचे आणि मुलं कुरकुरायची. मला मात्र तिथेच कळलं की किती दाब दिला की किती धातू जातो, हे पुस्तकातून हातात उतरत नाही.

इंग्लंडमध्ये हवाई दलाच्या हॉल्टनच्या तांत्रिक शाळेतली पोरंही अशीच कानस चालवत शिकली. पहिल्या महायुद्धात विमानं भराभर वाढली, पण ती सांभाळणारे कुशल हात तेवढे नव्हते. म्हणून ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी १९२० मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी तीन वर्षांची अप्रेंटिस योजना सुरू केली. याच योजनेतून १९२३ मध्ये भरती झालेल्या फ्रँक व्हिटलने १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एएमईला दुय्यम समजणाऱ्या पालकांना मी हे हमखास सांगते. उड्डाणाच्या शिक्षणातही पहिल्या महायुद्धातच मोठा बदल झाला. १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिकाऊ वैमानिकांना विमान मुद्दाम गिरकीत घालून बाहेर काढायला शिकवलं. त्याआधी भर होता तो धोका टाळण्यावर.

आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. पहिले वैमानिक इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकून आले. १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वॅपिटी विमानांवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा त्यांच्या जोडीला विमानं सांभाळणारे ‘हवाई सिपाही’ होते. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. १९४९ मध्ये बेंगळुरूजवळ जालहळ्ळीला एअर फोर्स टेक्निकल कॉलेज सुरू झालं. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे तर आपले मराठी. आणि मुंबईत जुहूचा विमानतळ १९२८ चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा.

आता तुमच्यापुढचे रस्ते. वर्दी हवी असेल तर इंजिनिअरिंगची पदवी घ्या, हवाई दलाची प्रवेश परीक्षा एएफकॅट द्या. निवड झाली की आधी दुंडीगलची एअर फोर्स अकॅडमी, मग जालहळ्ळी. नौदलाच्या विमानांचं तांत्रिक शिक्षण कोचीला होतं.

नागरी रस्त्यावर पदवीपेक्षा डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, लायसन्स मोलाचं. एरोनॉटिकलची पदवी आणि एएमई या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यात दरवर्षी मुलं फसतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. मॉड्यूलवार परीक्षा असतात, प्रत्येकीत पास व्हायला ७५ टक्के लागतात. लायसन्सच्या श्रेणींत बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.३ टर्बाइन इंजिनाची हेलिकॉप्टरं, बी२ एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. बहुतेकजण डोळे झाकून बी१.१ घेतात. मुंबईच्या मुलांनी बी१.३ चाही विचार करावा. मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं जुहूहूनच उडतात.

दोन्ही रस्त्यांवर एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सही. हवाई दलात फॉर्म ७०० असतो, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही. काम करणारा सही करतो, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. आमच्याकडे नागरी विमानांना टेक लॉग, म्हणजे तांत्रिक नोंदवही, आणि काम झाल्याचं रिलीज सर्टिफिकेट. रात्रपाळीत बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना लॉकवायर करताना मी आजही नव्या मुलांना शेजारी उभं करते. दोन बोल्टमधली वायर अशी ओढली पाहिजे की एक सैल व्हायला लागला तर दुसरा आवळला जाईल. पीळ एकसारखा हवा, आणि टोक आत वळवलेलं, नाहीतर पुढच्याचा हात फाटतो. मग हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी भरला तरी विमान हलत नाही, मग सकाळची फ्लाइट कोणाचीही असो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा बाऊ करू नये. मेंटेनन्स मॅन्युअलची भाषा मुद्दाम सोपी, छोट्या वाक्यांची लिहिलेली असते. रोज दोन पानं वाचली की सरावते.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजचं नाव डीजीसीएच्या सीएआर-१४७ यादीत, म्हणजे मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थांच्या यादीत, स्वतः बघा, मान्यता कोणत्या श्रेणीसाठी आहे तेही बघा. मग काउंटरवर विचारा, प्रत्यक्ष विमानावरचं ट्रेनिंग कोणत्या हँगरमध्ये आणि कोणत्या विमानावर? याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत फी भरू नका.