होस्टेलचं वायफाय जोडताना या चुका टाळा

'नेट चालंना गेलंय' हे वाक्य आमच्या संभाजीनगरच्या होस्टेलात 'जेवलास का?'पेक्षा जास्त ऐकू यायचं. मजल्याची तक्रारवही दोन वर्षं माझ्याकडं होती. त्यातल्या कितीतरी तक्रारी खोलीतल्या खोलीत मिटायच्या.

सगळ्यात महागात पडली ती एक केबल. शेजारच्या खोलीतल्या पोरानं पैठण गेटवरून स्वतःचा राऊटर आणला आणि भिंतीतल्या सॉकेटची केबल 'वॅन' (बाहेरून नेट आत येण्याचं भोक) लिहिलेल्या पोर्टाऐवजी 'लॅन'मध्ये (आतल्या लॅपटॉपना नेट द्यायचं भोक) खुपसली. झालं! तो चिमुकला राऊटर अख्ख्या मजल्याला आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक फोन-लॅपटॉपला मिळणारे नंबर) वाटत सुटला. सगळ्यांचे फोन 'कनेक्टेड' दाखवायचे, पण पान एकही उघडायचं नाही. रात्री अकराला लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग (स्वतःचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं, तर गेटवे, म्हणजे नेट ज्यातून बाहेर जातं त्या राऊटरचा पत्ता, 192.168.0.1. आमच्या नेटवर्कचे पत्ते तर 10 पासून सुरू होणारे! मग दारोदार फिरून तो डबा शोधला. राऊटर लावायचाच असेल तर आधी रेक्टरांची परवानगी घ्या, आणि केबल वॅनमध्येच घाला. पत्ता 169.254 नं सुरू होत असेल तर भानगड वेगळी: तुम्हाला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपनं तो स्वतःच घेतलाय.

लॉगिनचं पानच येत नाही? फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता परस्पर दुसऱ्या सर्व्हरला विचारणारी सेटिंग) आणि व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद करा. जाहिराती अडवायला म्हणून कधीतरी चालू केलेलं असतं, मग आपण विसरतो. तरीही नाही आलं तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर चालते, त्यामुळं लॉगिनचं पान मध्ये यायला वाव मिळतो.

होस्टेलच्या ऑफिसात मॅक पत्ता (फोनच्या वायफायचा कायमचा ओळख नंबर) नोंदवूनही फोन जोडला जात नसेल, तर अँड्रॉइड 10 पासून फोन खरा पत्ता लपवून बनावट देतो, हे लक्षात घ्या. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइसचा मॅक' निवडा. आयफोनमध्ये ही पत्ता लपवायची सोय आयओएस 14 पासून आहे.

एड्युरोम (कॉलेजं-विद्यापीठांचं सामायिक वायफाय) असेल तर युजरनेम @ च्या पुढच्या भागासकट टाका. 'सर्टिफिकेट (नेटवर्क खरं असल्याचा पुरावा) तपासू नका' असं सिनियर सांगतात. ऐकू नका. त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं तर पासवर्ड आयता त्याच्या हातात.

आता अपग्रेडचं. भिंतीतली लाइन 100 एमबीपीएसची असेल तर वायफाय 6 चा (नव्या, वेगवान पिढीचा) राऊटर आणून नेटचा वेग त्यापुढं जाणार नाही. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. काही जुन्या लॅपटॉपना 5 दिसतच नाही, आणि 2.4 वर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. त्यात प्रत्येक खोलीचा हॉटस्पॉट! जमेल तिथं 5 वापरा, फक्त भिंती त्याला जास्त अडवतात. आमचा ॲक्सेस पॉइंट (वायफाय फेकणारा डबा) व्हरांड्यात आणि दाराला लागून लोखंडी कपाट. कपाट खिडकीकडं सरकवलं, दोन काड्यांच्या चार झाल्या. एप्रिलात पाण्यानं भरलेला कूलर दारात आला आणि पुन्हा दोनवर. पाणी सिग्नल पितं. पण 42 डिग्रीत कूलर हलवा म्हणायची हिंमत कुणाची?

तक्रार लिहायचीच झाली तर 'वायफाय नाही' एवढंच लिहू नका. खोली नंबर, वेळ, फोनचा आयपी, गेटवे आणि शेजारच्या खोलीत चालतंय का, एवढं लिहा. आमचा नेटवर्कवाला तेवढं वाचूनच ठरवायचा, शिडी आणायची की नुसता नेटवर्कचा स्विच (केबली जोडणारा डबा) रीस्टार्ट करायचा.