लहान पोराला घेऊन मुंबई बघायची तयारी (बुधवार सोडून)

आधी वार बघा. तिकिटं, कपडे, खाऊ, डायपर सगळं नंतर. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते. दोन वर्षांच्या पोराला आठवडाभर ‘पेंग्विन बघायचे, पेंग्विन बघायचे’ म्हणून नाचवायचं आणि बुधवारी भायखळ्याच्या फाटकासमोर उभं राहून ‘उद्या येऊ हं’ म्हणायचं, हे आम्ही करून बसलोय. त्या वयात उद्या नावाची गोष्टच नसते. फाटक दिसतंय, आतली झाडं दिसतायत, मग आत का जायचं नाही? याला काय उत्तर देणार. वर यात एक पोटकलमही आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि मग दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बंद. म्हणजे सणासुदीच्या आठवड्यात जाणार असाल तर दोन्ही वार तपासायचे. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा.

घारापुरीची लेणी (एलिफंटा) सोमवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी पोरासकट रांगेत उभं राहायची हौस असेल तर जा, अंगारकीला मात्र हात जोडून सांगते, नको. कागदावर नुसत्या तारखा लिहू नका, पुढे वार लिहा. आणि बुधवारापुढे काट मारा.

आता सामान. डायपर, ओले रुमाल, पाणी, जादा कपडे हे तुम्हाला माहीत आहे आणि राहिलंच काही तर मुंबईत मेडिकलचं दुकान हाकेवर असतं. ढकलगाडी घरी ठेवा. स्टेशनचे पूल चढायचे-उतरायचे, फुटपाथ मध्येच खणलेला, उरलेल्यावर फेरीवाले. शेवटी पोर कडेवर, गाडी काखेत आणि नवरा-बायकोचं भांडण. कांगारू बॅग घ्या. पोर तीत झोपतंही, हात मोकळे राहतात. एक जुनी धुवट सुती साडी घ्या. बागेत अंथरायला, एसीत पांघरायला, दूध पाजताना आडोशाला, सांडलेलं पुसायला. माझ्या यादीत डायपरच्या आधी साडी आहे. पोराच्या खिशात दोघांचे मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि नंतर तेच कपडे बदललेत तर चिठ्ठीही बदला, ती जुन्या चड्डीत राहते. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, तो आधीच सेव्ह करून ठेवा.

खायला दशम्या, थर्मासमध्ये मऊ मेतकूट-भात. कोरडा चिवडा नको (घशात अडकतो). प्लास्टिकच्या पिशवीत काही भरू नका, बागेत ते चालत नाही. बाहेर खायचंच झालं तर इराण्याकडचा बनमस्का पोराला हमखास चालतो. बर्फाचा गोळा दाखवायचासुद्धा नाही.

बागेत गेलात (मंगळवारी किंवा गुरुवारी किंवा रविवारची गर्दी सोसत असेल तर रविवारी; बुधवारी नाही, सांगितलं ना), तर साडेनऊला उघडते तेव्हाच पोचा. तिकीट ऑनलाइन मिळतं, काढून ठेवा. आधी सरळ पेंग्विनकडे. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले, २०१७ पासून लोकांना बघता येतात. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, बर्फावरचे नव्हेत, त्यामुळे आजोबा ‘बर्फ कुठाय?’ विचारतील तेव्हा उत्तर तयार ठेवा. गर्दी वाढली की काचेपाशी फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून सकाळी. मग पक्ष्यांचा मोठा पिंजरा, ज्यात आपणच आत चालत जातो. वाघ दिसला तर दिसला. पोर बहुधा कावळ्याच्या मागे धावेल, धावू दे. बाग १८६२ सालची आहे, झाडं जुनी आणि दाट, सावली भरपूर. मुंबईत पोराला मोकळं सोडता येईल अशा जागा थोड्या आहेत, त्यातली ही एक. ठिकाणं उरकायच्या नादात इथून लवकर निघू नका.

घारापुरीचं खूळ डोक्यात असेल तर थोडं ऐका. गेटवेपासून तासभर बोट, मग धक्क्यावरून चाल किंवा छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या, बाजूला माकडं आणि तुमच्या हातातलं केळं. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर मी नाही म्हणेन. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो हत्ती तिथे नाहीच. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत १८६४ साली तो पडून फुटला, पुढे १९१४ साली तुकडे जोडून उभा केला आणि आज तो भायखळ्यात, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पोराला हत्तीच दाखवायचा आहे ना? मग समुद्र कशाला ओलांडायचा. हे संग्रहालयही बुधवारीच बंद. बोटीची हौस गेटवेजवळच्या छोट्या फेरीवर भागवा, आणि पोराच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात प्रवासी बोटीचा अपघात झालाय. लहान माप नाही म्हणाले तर खाली उतरा, लाजू नका.

आणि समजा, एवढं सांगूनही बुधवारच गळ्यात पडला, रजाच तशी मिळाली, तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. आतलं विज्ञान पोराला कळणार नाही, पण बाहेरच्या आवारात जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे, खरंखुरं विमान आहे, झोपाळे आहेत. मात्र त्या दिवशी घरात पेंग्विन हा शब्द कुणी काढायचा नाही. आजीनेसुद्धा नाही.

प्रवास. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट नाही, पण जागाही नाही. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे जाणारी आणि संध्याकाळी पाचनंतर तिकडून सुटणारी लोकल पोरासकट विसरा. आई लेडीज डब्यात आणि बाबा जनरलमध्ये जाणार असाल तर कुठल्या स्टेशनवर, कुठल्या पुलाखाली भेटायचं ते चढायच्या आधी ठरवा. आत शिरल्यावर फोन काढता येत नाही. भायखळ्याला पूर्वेला उतरा आणि काळीपिवळी करा, चालत जाऊन पोराचा उत्साह रस्त्यातच संपवू नका. रिक्षा दक्षिण मुंबईत नाही, शोधू नका. भुयारी ‘मेट्रो-३’ ही ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते, लिफ्ट आहे, गार आहे; सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी तिच्यावर आहेत. भायखळा नाही. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी एसी डबलडेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. बारा-पंधरा रुपयांत पोराची चैन.

दुपारी एक ते तीन झोप. कुठेही, पण झोप. तेव्हा काही बघायचं नाही.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी, ऊन उतरल्यावर. वाळू हो, पाणी नको. भेळ तुम्ही खा, त्याला नुसते कुरमुरे. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून. मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट दुसऱ्या दिवशी.

परतीला डेक्कन क्वीन असेल तर ती सीएसएमटीहून ५ वाजून १० मिनिटांनी सुटते, मग त्या दिवशी चौपाटी रद्द. पिशवी रात्रीच भरा, फोन चार्जला लावा, पोराच्या चपला दाराशी ठेवा.