राष्ट्रीय उद्यानात तंबूचा मुक्काम: आधी रात्रीचा हिशेब, मग देखावा

फोटो दिवसाउजेडी काढलेले असतात, तंबूत राहायचं असतं रात्री. ठिकाण निवडताना बहुतेकांची गल्लत होते ती इथेच. सरोवर, हिमशिखर, हरणांचे कळप बघून तिकिटं काढली जातात. तिथे रात्री पारा किती उतरतो, वारा कसा सुटतो, तंबूभोवती कोण फिरतं आणि मुळात तंबू लावू देतात का, हे कळतं पोचल्यावर.

सुरुवात परवानगीपासून करा, कारण तिथेच सगळा बेत फसू शकतो. न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमधला मिलफर्ड ट्रॅक जगप्रसिद्ध, पण त्या वाटेवर तंबू लावायला बंदी आहे. राहायचं ते फक्त निवाऱ्यांमध्ये. चिलीच्या टोरेस देल पाइनेमध्ये तंबू चालतो, पण ठरवून दिलेल्या जागीच आणि आधी आरक्षण करून. २०११ च्या अखेरीस लागलेल्या वणव्यात तिथलं हजारो हेक्टर रान जळालं. आता उघड्यावर शेकोटी पूर्ण बंद आहे आणि स्टोव्हही नेमलेल्या जागीच पेटवायचा. अमेरिकेच्या योसेमिटीत आतल्या रानात राहायचा परवाना वाट जिथून सुरू होते त्या ठिकाणानुसार मिळतो. प्रत्येक वाटेला रोजच्या माणसांची मर्यादा असते, त्यामुळे एका वाटेचा परवाना घेऊन दुसरीकडून शिरता येत नाही. स्वीडनच्या सारेकमध्ये गंमत उलटी. तंबू जवळपास कुठेही लावा, पण खुणा केलेल्या वाटा नाहीत, पूल मोजकेच आणि हिमनद्यांचं पाणी पायी ओलांडायचं. पहिल्याच मुक्कामाला सारेक निवडू नका.

मग उंची बघा. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्म्या चुका टळतात. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीची दक्षिण कड सुमारे २१०० मीटरवर आहे, तळाशी नदीकाठी आपण त्याहून जवळजवळ १३५० मीटर खाली असतो. उन्हाळ्यात पहाटे कडेवर स्वेटर लागला तरी दुपारी तळाशी चाळिशीच्या वरचं ऊन असतं, आणि दमल्यावर चढून यायचं असतं ते शेवटी. अमेरिकेतलंच यलोस्टोन १८७२ पासूनचं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याचा बराचसा भाग २४०० मीटरच्या आसपास असल्याने जुलैतही पहाटे दव गोठू शकतं. टांझानियातलं गोरोंगोरो विवर विषुववृत्ताजवळ आहे म्हणून पातळ पांघरूण नेणारे कडेवरच्या मुक्कामात कुडकुडतात, कारण ती कड जवळपास २३०० मीटरवर आहे.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. विकत घेताना पहिलाच बघा. दुसरा आकडा अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा. बॅगेपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं खालच्या मॅटकडे. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही, त्यामुळे जमिनीकडून येणारी थंडी ती अडवत नाही. मॅट थंडी किती अडवते ते सांगणारा आर-मूल्याचा आकडा उन्हाळ्यात २, वसंत-शरदात ३ ते ४, बर्फावर ५ च्या पुढे हवा.

प्राण्यांच्या बाबतीत एकच नियम सगळीकडे लावता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमध्ये तळांना कुंपण असतं आणि संध्याकाळी फाटक बंद होतं, जून-जुलैत तर साडेपाचलाच. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०, वाटेत हत्ती आडवे आले की थांबणं आलंच. तेव्हा शंभर किलोमीटरला चार तास धरा. आत पोचल्यावर धोका सिंहाचा नसतो, माकडांचा असतो. ती चेन उघडी राहिलेल्या तंबूतलं खाणं दिवसाढवळ्या पळवतात.

टांझानियाच्या सेरेंगेटीतल्या सार्वजनिक तळांना कुंपण नाही. काळोख पडल्यावर तंबूची चेन पूर्ण बंद ठेवायची, आत खाण्याचा कणही नको. रात्री बाहेर पडावंच लागलं तर आधी टॉर्चचा झोत चारी बाजूंना फिरवा. चमकणारे डोळे दिसले तर चेन पुन्हा लावा आणि कळ काढा. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या काकाडूत मगरी असल्याने पाण्याच्या काठापासून किमान ५० मीटर लांब राहायचं, काठावर मासे साफ करायचे नाहीत.

अस्वलांच्या मुलखात सगळं वासावर चालतं. नुसतं खाणं नव्हे, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनही अस्वलरोधक डब्यात किंवा तळावरच्या लोखंडी पेटीत जायला हवं. योसेमिटीत झाडाला पिशवी टांगणं नियमाने बंद आहे, कारण अस्वलांनी ती युक्ती कधीच ओळखली. यलोस्टोनमध्ये अस्वलांसाठीचा मिरीचा फवारा जवळ ठेवा असं सांगतात, योसेमिटीत तोच नेता येत नाही. आतल्या रानात स्वयंपाक, डबा ठेवायची जागा आणि तंबू यांत प्रत्येकी शंभरेक पावलांचं अंतर ठेवा, शक्यतो स्वयंपाक तंबूकडून वारा जिकडे जातो त्या बाजूला.

तळावर सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचा. तंबू लावण्याआधी वर बघा: वाळकी फांदी, लटकलेलं लाकूड दिसलं तर तिथून हला. मग खाली बघा. कोरड्या नदीपात्रात, ओहोळाच्या वळणावर आणि दरीच्या अगदी तळाशी जागा नको. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा आपल्यापर्यंत येतो. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन खोलगटातच साचते. दरीच्या तळापासून दहा-पंधरा मीटर वर सपाटी मिळाली तर तीच घ्या. ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब राहा.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या पाठीकडे. आधी वाऱ्याकडच्या खुंट्या ठोका, नाहीतर उरलेला तंबू पतंगासारखा उडतो. टोरेस देल पाइने ज्या भागात आहे त्या पाटागोनियात हे रोजचंच. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं. वाळूत खुंटी धरत नाही, तिथे दोरीला दगड किंवा वाळू भरलेली पिशवी बांधून फूटभर खोल पुरा. थंडी वाटते म्हणून वरच्या खिडक्या बंद करू नका, श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपकते. तंबूत स्टोव्ह मात्र कधीच नको. आगीचं भय आहेच, पण त्याहून कार्बन मोनॉक्साइड घातक: वास नाही, रंग नाही.

साध्या ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास पेटायला कुरकुरतो, थंड जागी प्रोपेन मिसळलेला घ्या. गॅसचा डबा काय किंवा मिरीचा फवारा काय, विमानात चालत नाही. तिथेच विकत घ्यायचा म्हणजे पहिल्या दिवसाच्या बेतात दुकानाला वेळ ठेवावा लागतो. ओढ्याचं पाणी मिनिटभर खळखळून उकळवा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शौचासाठी पाणी, वाट आणि तळ यांपासून ६० मीटर लांब १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणा. याहून खोल गेलं तर जिवाणू कमी आणि कुजायला वेळ जास्त. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

निघताना तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर त्याच दिवशी कुठेतरी पसरून वाळवा, उबदार हवेत एका-दोन दिवसांत बुरशी धरते. पुढे न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया असेल तर तंबूच्या तळाची आणि बुटांच्या खाचांमधली माती ब्रशने काढा. विमानतळावर वापरलेलं सामान जाहीर करावं लागतं आणि ते उघडून तपासतात.